रिकामी परत करावी

डंडीत एप्रिलमध्येही टे नदीवरचा वारा
स्वेटरची वीण मोजत येतो.
तळमजल्यावर आमचे अकरा फ्रीजर,
उणे ऐंशीवर गुणगुणणारे.
चौथ्याचं दार कुरकुरतं. त्यातल्या तिसऱ्या खणात
पुरुष, वय एकसष्ट.
एवढंच. नाव माझ्यापर्यंत पोचत नाही,
पोचूही नये.

त्याचं संमतीपत्र मात्र एकदा हातातून गेलं.
नावावर काळी पट्टी, आणि समासात,
जिथे काही लिहायचं नसतं तिथे, पेन्सिलीनं:
कुणालाही द्या. मला आता लागणार नाही.

त्यानंतर दोन विद्यापीठं सात महिने भांडली.
भांडली म्हणजे, सविनय, सोबत जोडले आहे.
पेशी कुणाच्या,
शोध लागला तर कुणाचा,
नाही लागला तर कुरिअरचं बिल कुणाचं.
सेहेचाळीस पानं.

आजार असा, की एका गावात एक
आणि पुढच्या चाळीस गावांत कुणीच नाही.
आमच्याकडे तीन माणसं, ॲबर्डीनला चार, न्यूकॅसलला दोन.
तिघांचा काही अर्थ लागत नाही.
चौघांचा म्हणजे योगायोग.
नऊ झाली, तर आमची आकडेवाली इफा
मान जराशी तिरकी करेल.
हो म्हणणार नाही. मान तिरकी करेल.

शेवटी एक नळी गेली ॲबर्डीनला, कोरड्या बर्फात,
खाष्ट शेजारणीनं विरजण द्यावं तशी,
चमच्याच्या टोकावर, मोजून.
उरलेल्या दोघांचे फॉर्म
प्रोफेसरांच्या टेबलावर राहिले.

तीन वर्षं झाली त्याला.

परवा रविवारी रात्री दोनला चौथा फ्रीजर थांबला.
अलार्म ज्या फोनवर वाजायचा
तो निवृत्त झालेल्या कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये.
सोमवारी सकाळी मी दार उघडलं तेव्हा
खणाच्या कडेनं पाणी ठिबकत होतं
आणि नळीत गुलाबीसर काहीतरी,
नासलेलं.
पुरुष, वय एकसष्ट. दुसऱ्यांदा.

ॲबर्डीनच्या मोराग पेट्रीला मी फोन केला
तो काही मागायला नव्हे. रडायला.
ती म्हणाली, थांब.
फोन तसाच ओट्यावर ठेवला तिनं.
बुटांचा आवाज. झाकण. चिमटा.
मोजणं, पुटपुटत, दोनदा.
मग: तुमच्या त्या एकीच्या अठरा झाल्यात इथे.
किती देऊ?

किती देऊ!

मिरजेत आमच्याकडे विरजण बिघडलं
की आई वाटी घेऊन खालच्या पेंढारकरबाईंकडे जायची.
त्यांनी ते नेलेलं असायचं आमच्याकडूनच.
मुळात कुणाचं, हे त्या जिन्यात
कुणी विचारल्याचं आठवत नाही.

दुपारी चारला फर्गस पेटी घेऊन आला.
स्टोनहेवनपाशी समुद्रावरचं धुकं इतकं दाट
की वीसच्या वर काटा गेला नाही म्हणाला,
आणि हीटर बंद ठेवला होता त्यानं,
उगाच, पेटीची काळजी म्हणून.
सहा नळ्या.
मोरागचं अक्षर गिचमिड आहे. सहावेळा वाचलं.
सातव्या फ्रीजरमध्ये जागा केली.

आता टेबलावर पेटी, थोडी वाफाळणारी,
झाकणावर छापलेलं: रिकामी परत करावी.

पेंढारकरबाईंची वाटी आईनं कधीही
रिकामी धाडली नाही.
काहीच नसेल घरात, तर चिमूटभर साखर.

मी पेन घेतलं, वर गेले.
प्रोफेसर सँडविच खात होते.
त्यांच्याच ढिगाऱ्यातून ते दोन फॉर्म काढून
बशीशेजारी ठेवले.
घाई आहे का, त्यांनी विचारलं.
म्हटलं, फर्गस खाली थांबलाय.
इंजिन चालू आहे.